‘खाली’ म्हणजे नेमकं कुठे

माझ्या सासूबाईंना आमच्या भागात ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण पाठीमागे सगळेच म्हणतात आणि त्यांना ते ठाऊक आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादाचा ब्रेक असतो. सासूबाईंचा पाय त्यावर शिकणारा चुकायच्या आधीच पडतो. चुकल्यावर दाबला तर अपघात, आधी दाबला तर शिक्षण, असं त्यांचं म्हणणं.

स्कूल त्यांचंच. रस्त्यालगत एक गाळा, त्यात टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, आणि बाहेर छपरावर पिवळी पाटी लावलेली छोटी गाडी. मी टेबलाशी बसते. फोन घेते, वेळा लावते, नवशिक्यांकडून खुणा पाठ करून घेते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, सासू म्हणजे स्वयंपाकघर. निघाली गिअरबॉक्स.

सगळे ब्रेक त्यांच्या पायाशी, तोंडाला मात्र एकही नाही. उलट्या बाजूने घुसणाऱ्या टेम्पोवाल्याला त्या काच खाली करून जे ऐकवतात, ते ऐकून स्टिअरिंगवर बसलेली कॉलेजची पोरंसुद्धा कानकोंडी होतात. माणसाच्या शरीराचा एकही भाग त्या शिव्यांत उद्धारायचा राहत नाही. तर अशी बाई एका साध्या शब्दापाशी येऊन अडली आणि दोन-अडीच वर्षं अडूनच राहिली.

सुरुवात झाली पाळी जायच्या सुमाराला. आधी घामाच्या लाटा. भर थंडीत गाडीच्या चारही काचा खाली, आणि शिकणारा कुडकुडत गिअर टाकतोय. त्याबद्दल त्या खुशाल बोलायच्या. माझं इंजिन तापलंय, तुम्ही स्वेटर घालून येत जा, असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पण त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट सुरू झाली होती आणि तिच्याबद्दल अवाक्षर नाही. नको त्या जागी खाज. बसलं की आग, उठलं की खाज, आणि अंथरुणाला पाठ टेकली की दोन्ही. दिवसभर रेक्झिनच्या सीटवर बसायचा धंदा. एकदा मला त्यांच्या सीटवर टायरची जुनी ट्यूब दिसली, अर्धवट हवा भरलेली, वर टॉवेल घातलेली. कंबर धरलीय, म्हणाल्या. मी विश्वास ठेवला.

पहिला उपाय त्यांनी औषधाच्या दुकानात शोधला. दुकानदार ओळखीचा, त्याच्या दोन्ही मुलांना यांनीच गाडी शिकवलेली. त्याच्यासमोर उभं राहिल्यावर शब्द फुटेना, आणि मागे गिऱ्हाइकं ताटकळलेली. शेवटी म्हणाल्या, ‘ह्यां’ना खाज सुटलीय. कुठे, त्याने विचारलं. सासूबाईंच्या तोंडातून निघालं, पायाच्या बोटांत. त्याने बुरशीचं मलम काढून दिलं आणि मोजे रोज बदलायला सांगा म्हणाला.

आता माझे सासरे म्हणजे कमालीचा टापटीप माणूस. सर्व्हे खात्यात जन्मभर नकाशे काढले, नखंसुद्धा पट्टी लावल्यासारखी कापतात. पुढे कित्येक महिने दुकानदार त्यांना रस्त्यात गाठून हळूच विचारायचा, बोटं बरी आहेत का. सासरे घरी येऊन दिव्याखाली पाय धरून बोटं तपासायचे. एकदा बागेतल्या बाकावर जुना मित्र त्यांच्यापासून जरा सरकून बसला, तेव्हा त्यांनी मला विचारलं की माझ्याबद्दल बाहेर काही बोललं जातंय का. मलाही काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, छे.

मलमाने आग वाढली. मग आमचे नेहमीचे डॉक्टर. सासूबाईंच्या बाळंतपणापासून त्यांना ओळखणारे, चांगले गृहस्थ. त्यांना सासूबाईंनी एवढंच सांगितलं की खाली खाजतं. डॉक्टरांनी पेपरवेटकडे बघत विचारलं, खाली का, बरं बरं. झालं. ‘खाली’ या शब्दावर दोघांचा करार झाला. खाली म्हणजे बेंबीपासून घोट्यापर्यंत काहीही असू शकतं. कुठे ते दोघांना कळलं होतं, पण कळल्याचं कुणालाच दाखवायचं नव्हतं. बुरशी असेल, गोळी घ्या. घेतली. फरक नाही, म्हणून पुन्हा तीच. मग साखर तपासली, साखर उत्तम. लघवी तपासली, तीही उत्तम. सगळं इतकं उत्तम निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, जरा स्वच्छता ठेवत चला.

ते सासूबाईंना फार लागलं. गाडीच्या चाकांतली मातीसुद्धा टूथब्रशने काढणारी ही बाई. त्यांनी जखमेवर ओततात ते जंतुनाशक आणलं आणि सकाळ-संध्याकाळ असा काही घासायचा सपाटा लावला की पितळेचं भांडंसुद्धा दयेची भीक मागेल. कातडीला भेगा पडल्या. लघवीला झोंबायला लागलं, म्हणून पाणी पिणं कमी केलं. त्यामुळे आणखी झोंबायला लागलं.

त्यानंतर बायकांच्या डॉक्टरीणबाई. बाहेर बाकांवर सगळ्या पोटुशी पोरी आणि मध्ये या, टायरच्या ट्यूबशिवाय अवघडून बसलेल्या. आत गेल्यावर पुन्हा तेच, खाली. डॉक्टरीणबाईंनी पाळी कधी गेली ते विचारलं आणि तिथेच निदान संपलं. या वयात कोरडेपणा येतोच, ही जेली लावा, मन कशात तरी गुंतवा. पुढच्या पोरीला हाक मारलीसुद्धा. सासूबाई मला नंतर सांगत होत्या, “मन मी गुंतवायचं आणि खाज मोकळी सोडायची.”

या काळात सासऱ्यांची रवानगी दुसऱ्या खोलीत झाली होती. हे मी विचारलं नव्हतं. पण सासूबाई एकदा सांगायला लागल्या की सगळंच सांगतात, आणि सुनेला कानावर हात ठेवायची सोय नसते. जवळ येणं म्हणजे सुरीवर बसणं झालं होतं. हे नवऱ्याला सांगणार कसं, म्हणून त्यांनी आधी डोकेदुखी पुढे केली, मग सांगितलं की तुम्ही फार घोरता. ते मुळीच घोरत नाहीत. पण बायको म्हणते म्हणजे खरं असेल, असं समजून तो भला माणूस नाकाला चिकटपट्टी लावून एकटा झोपायला लागला. बायकोच्या एका दुखण्याने त्याला दोन दुखणी लागली, बोटांचं आणि घोरण्याचं, आणि दोन्ही त्याला नव्हती. आपण तिला नकोसे झालो, हे तिसरं. ते त्याने कुणालाच सांगितलं नाही.

मग गोल चौकातला प्रकार झाला. शिकायला होते एक रिटायर झालेले प्राध्यापक, अतिशय सावकाश चालवणारे. चौकाच्या मधोमध सासूबाईंना अशी काही कळ आली की त्या सीटवरून अर्ध्या उठल्या. सगळं वजन पायांवर, आणि पाय ब्रेकवर. गाडी जागच्या जागी थांबली. मागून येणारी पावाची गाडी बंपरला टेकली. पाववाला बाही सरसावून खाली उतरला. ब्रेकबाईंना तो ओळखत होता, त्यामुळे शिव्या ऐकायच्या तयारीनेच आला होता. सासूबाई त्याला म्हणाल्या, माझी चूक झाली.

प्राध्यापक पांढरेफटक पडून गाळ्यात आले. धक्क्याचं त्यांना काही नव्हतं. ते मला म्हणाले, “बाईंना बरं नाहीये. त्यांनी माफी मागितली.”

मी टेबल सोडून बाहेर गेले. सासूबाई उभ्या गाडीत बसून होत्या. मी चालवणाऱ्याच्या सीटवर बसले आणि विचारलं, काय होतंय ते सांगा. काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. दुकानदार, बोटं, गोळ्या, जंतुनाशक, जेली. मला मधेच हसू आलं, त्यांनाही आलं, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा बघितलं.

“पण यातल्या कुणी बघितलं का?” मी विचारलं.

“काय बघायचंय त्यात?”

“म्हणजे एकाही डॉक्टरने बघितलं नाही?”

“मी तरी कुठे बघितलंय?” त्या म्हणाल्या.

त्या दुपारी घरी त्यांनी गाडीचा जादाचा आरसा काढला. शिकवणाऱ्यासाठी काचेला चिकटवतात तो, रबरी वाटीचा. तो घेऊन न्हाणीघरात गेल्या आणि कडी लावली. थोड्या वेळाने कडी निघाली, फटीतून हात बाहेर आला आणि हुकूम आला, टॉर्च. मी टॉर्च दिला आणि दाराबाहेर स्टुलावर बसले. आतून आधी आरसा टाइल्सवरून निसटल्याचे आवाज आले, मग टेम्पोवाल्यांच्या वाट्याचे काही शब्द.

“पांढरं आहे,” आतून आवाज आला.

“काय पांढरं आहे?”

“कातडी. चुरगळून परत सरळ केलेल्या पातळ कागदासारखी. मधे चिरा आहेत. आणि एका बाजूला काहीतरी होतं, ते सपाट झालंय.”

“तुम्हाला कसं माहीत, काहीतरी होतं?”

“अगं, माझंच होतं ना.”

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं की या जागेला म्हणतात काय. त्यांना शिव्यांतला शब्द येत होता, पोरांना न्हाऊ घालताना वापरायचा लाडका शब्द येत होता, आणि खाली येत होतं. मी शाळेतलं आठवून सांगितलं, बाहेरच्या भागाला योनीमुख म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, एखाद्या धरणाचं नाव वाटतंय.

कातडीचा प्रश्न आहे तर कातडीच्या डॉक्टरकडे जाऊ, हेही त्यांनीच ठरवलं. मी आधी फोन करून बाई डॉक्टर मागितली होती. गेलो तेव्हा कळलं की त्या रजेवर आहेत आणि आज एक तरुण डॉक्टर बसलाय. मी म्हटलं, आई, परत येऊ. त्यांनी दाराच्या काचेतून आत एक नजर टाकली आणि म्हणाल्या की असल्या पोरांना मी रोज रिव्हर्स शिकवते. पुढे होऊन आत शिरल्या. मी मागून.

बसण्याआधीच त्यांनी सुरुवात केली. वाटेत प्रत्येक सिग्नलला त्या ओठांतल्या ओठांत ते वाक्य घोटत होत्या, त्यामुळे आता ते एका दमात बाहेर पडलं.

“माझ्या योनीमुखाची कातडी पांढरी पडलीय, तिला भेगा पडतात, आणि खाजेने माझा जीव जायची वेळ आलीय. दोन डॉक्टर आणि एका दुकानदाराने औषधं दिली, बघितलं एकानेही नाही. तुम्ही बघणार असाल तर बसते.”

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. “न बघता कसं सांगणार?” तो म्हणाला.

इतकंच. पण सासूबाई खुर्चीत बसल्या त्या धपकन, जसं काही कुणी दोरी कापली.

नर्सला बोलावलं, पडदा ओढला, दिवा ओढला. टेबलावर पाय वर करून आडवं व्हावं लागलं. पडद्याच्या अलीकडे मला ऐकू येत होतं, त्या नर्सला सांगत होत्या की सर्व्हिसिंगला गाडी वर चढवतात तेव्हा गाडीला काय वाटत असेल ते आज कळलं. डॉक्टरने फार वेळ घेतला नाही. हात धुऊन आला आणि म्हणाला, याचं नाव लायकेन स्क्लेरोसस.

“लायसन?” सासूबाईंनी विचारलं.

“लायकेन.”

“लायसन सोपं आहे,” त्या म्हणाल्या, आणि आमच्या घरात त्या रोगाचं नाव तेच पडलं.

मग त्याने नीट समजावलं. ही बुरशी नाही, कुणाकडून लागलेली नाही, कुणाला लागणार नाही, आणि स्वच्छतेशी हिचा काही संबंध नाही. शरीराची स्वतःची संरक्षणाची फौज चुकून स्वतःच्याच कातडीवर उलटते, बहुधा असंच काहीतरी होतं, पूर्ण कारण अजून कुणाला सांगता येत नाही. पाळी गेलेल्या बायकांत जास्त दिसतं, पण तरण्या बायकांत आणि लहान मुलींतही होतं. पाळी गेल्यावरचा कोरडेपणा ही वेगळी गोष्ट. तोही त्यांना थोडा होता, त्यावर वेगळा इलाज करता येईल. पण पांढरी कातडी कोरडेपणाने होत नाही. जंतुनाशक आजपासून बंद, तिथे साबणही नको, नुसतं पाणी आणि वर साधं मऊ मलम. आणि औषध म्हणून जोरकस स्टिरॉइडचं मलम, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, आधी रोज, मग कमी कमी करत न्यायचं.

स्टिरॉइड म्हटल्यावर सासूबाईंनी भुवई वर केली. त्याला बहुतेक सवय होती. औषधाबरोबरच्या कागदावर घाबरवणारं बरंच लिहिलेलं असेल, ते वाचून मधेच सोडू नका, या रोगाला या जागी हेच औषध आहे, असं त्याने सांगितलं. मग पुढचं सांगितलं. हे पूर्ण जात नाही, ताब्यात राहतं. वर्षानुवर्षं तसंच सोडलं तर क्वचित कुणाला तिथे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून अधूनमधून दाखवायला यायचं. आणि एका ठिकाणची कातडी त्याला जाड वाटत होती. तिथला कणभर तुकडा काढून तपासायला पाठवू, म्हणाला. भूल दिली, तुकडा काढला, टाका घातला. सासूबाईंनी चूं केलं नाही.

बाहेर आलो. गाडीपाशी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

“तू चालव,” त्या म्हणाल्या.

शिकाऊ माणूस सोडला तर त्यांच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मी पाहिला नव्हता. मी घरापर्यंत चालवत आणली. दोनदा गिअर चुकीचा पडला. तरी त्यांचा पाय ब्रेकवर नव्हता, दोन्ही पाय जवळ घेऊन बसल्या होत्या.

रिपोर्ट यायचा होता ते दिवस घरात वाईट गेले. त्या शिकवायला जात होत्या, पण कुणालाच ओरडत नव्हत्या, आणि शिकणारे त्यामुळे जास्त चुका करत होते. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्यांनी सासऱ्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. दार उघडं होतं, मी ओट्याशी होते. शेवटी सासऱ्यांनी विचारलं, “म्हणजे माझ्या बोटांना काही झालेलं नाही?”

“नाही.”

“आणि मी घोरत नाही?”

“कधीच नाही.”

ते उठले, नाकाच्या पट्ट्यांचा डबा कचऱ्यात टाकला आणि परत येऊन त्यांच्या शेजारी बसले. पुढे काय बोलले ते मला माहीत नाही, कारण तेव्हा मी दार लावून घेतलं. मलम आणायचं काम मात्र त्या दिवसापासून त्यांनी आपल्याकडे घेतलं. दुकानदाराने सवयीने बोटांची चौकशी केली, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की बोटं नव्हतीच, बायकोच्या योनीमुखाचा त्रास होता, आता निदान झालंय. दुकानात म्हणे बराच वेळ कुणी काही मागितलंच नाही.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. लायसन होतं, नक्की.

आठ-दहा दिवसांत खाज उतरली, त्यानंतर हळूहळू भेगा मिटल्या. पांढरेपणा थोडा राहिला. आणि जे सपाट झालं होतं, ते तसंच राहिलं. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की गेलेला आकार मलमाने परत येत नाही. लवकर कळलं असतं तर वाचला असता. खाज जाऊन डोकं मोकळं झाल्यावर सासूबाईंना याचा खरा राग आला. त्या तडक आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेल्या. मी सोबत होते, कारण मला काळजी वाटत होती ती डॉक्टरांची.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, तुम्ही मला नीट सांगितलं नाही. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही मला नीट विचारलं नाही. दोघांचंही खरं होतं. डॉक्टरांनी चहा मागवला. चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी रोगाचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि हे बघितल्याशिवाय कळत नाही का, असंही विचारलं. सासूबाई म्हणाल्या, आरसा मी देते.

नवरा-बायकोची खोली पुन्हा एक झाली. त्याबद्दल सासूबाईंनी मला सविस्तर सांगायला घेतलं होतं, पण मी फोन वाजल्याचं निमित्त करून उठले. एवढं कळलं की सुरुवात सावकाश झाली, मलम आणि धीर दोन्ही लागले, आणि सगळं पहिल्यासारखं नाही. त्यांच्या शब्दांत, जुन्या गाडीला जुन्या गाडीसारखंच चालवावं लागतं.

आता माझी एक अडचण झालीय. चाळिशी-पन्नाशीच्या बायका शिकायला आल्या की त्यांचा तास वेळेवर संपत नाही. सासूबाई क्लच, गिअर, आरसे समजावतात, आणि एखादी सीटवर चुळबुळ करताना दिसली की गाडी झाडाखाली उभी करायला लावून तोंडावर विचारतात. पहिल्या एक-दोघी खाली उतरून चालत घरी गेल्या. एकीने फी परत मागितली. पण बाकीच्या बोलतात. सगळ्यांनाच काही लायसन नसतं. कुणाला साधी बुरशीच असते, कुणाला कोरडेपणा, कुणाला पाळीच्या पॅडची ॲलर्जी. सासूबाई रोग ओळखायच्या भानगडीत पडत नाहीत. त्या फक्त तो शब्द म्हणवून घेतात, मोठ्याने, काचा बंद करून, अडखळली तर पुन्हा. मग कातडीच्या दवाखान्याचा पत्ता देतात आणि बजावतात, की बघितल्याशिवाय औषध लिहून दिलं तर उठायचं नाही.

पुढच्या वेळेचा माणूस इकडे गाळ्यात घड्याळ बघत बसतो. कालच एकाने मला वैतागून विचारलं की बाई एवढा वेळ काय शिकवतात. मी म्हटलं, रस्त्याच्या खुणा.